खेळातून शिकवणारी बालवाडी: बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? (पिंपरी-चिंचवड)

चिंचवडची चिमणी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लेक येत्या नोव्हेंबरात तीन वर्षांची होईल. आमच्या भागात जूनच्या प्रवेशांचे फ्लेक्स आत्तापासूनच लागलेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'फॉर्म भरला का?' याशिवाय दुसरा विषय नाही. मला तिला निदान पहिली होईपर्यंत तरी मनसोक्त खेळू देणाऱ्या ठिकाणी घालायचंय. नवऱ्यालाही पटलंय. सासूबाईंना अजिबात नाही. त्यांचं म्हणणं, "खेळायला घर आहे की! त्याचे पैसे कशाला भरायचे?" (प्रश्न अगदीच चुकीचा नाही म्हणा.)

अडचण अशी की 'खेळातून शिक्षण' सगळेच म्हणतात. एका शाळेच्या माहितीपत्रकात 'मॉन्टेसरी, रेजिओ (इटलीतली एक बालशिक्षण पद्धत) आणि गुरुकुल यांचा संगम' असं छापलंय. वर्गात डोकावले तर मुलं ओळीने खुर्च्यांवर, समोर टीव्ही, त्यावर ए फॉर ॲपल. खेळण्यांचं कपाट होतं, पण कुलूपबंद. मॅडम म्हणाल्या, "ॲक्टिव्हिटी डे शुक्रवारी असतो." दुसरीकडे मातीचं अंगण, मोठं झाड, सगळं देखणं, पण फी सव्वा लाख आणि वर पालकांची मुलाखत. तिसरी घराजवळची, दोन खोल्यांची, एक ताई आणि एक मावशी. तिथे मुलं खरोखर खेळत होती. पण ताईंनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "सिनियर केजीला मात्र शंभरपर्यंत आकडे आणि तीन अक्षरी शब्द करून घेते. नाहीतर पालक दुसरीकडे जातात."

शाळा बघायला गेल्यावर तुम्ही काय बघता? आणि अशा ठिकाणची मुलं पुढे नेहमीच्या पहिलीत गेली की त्यांचं काय होतं? अनुभव असलेल्यांनी लिहा. 'आमच्या वेळी' सुद्धा चालेल, भोचक काकांना कुणी आवरू शकत नाही हे माहीत आहे.

भोचक काका | सोमवार, रात्री ११:०५

बोलावलंत म्हणून आलो. आमच्या वेळी नगरपालिकेची बालवाडी होती. बाई गाणी म्हणायच्या, मोडाची मटकी मिळायची, झोप आली तर सतरंजीवर आडवं होऊ द्यायच्या. आता त्याच कार्यक्रमाला होलिस्टिक म्हणतात आणि तीन हप्ते पाडून देतात. कृपया हलकं घ्या.

मातीचे पाय | मंगळवार, सकाळी ६:५०

मी नाशिकला बालवाडी चालवते, त्यामुळे पूर्वग्रह आहेतच, ते धरून वाचा.

पहिलं म्हणजे 'ओपन हाऊस'ला जाऊ नका. त्या दिवशी आम्ही सगळेच चांगले असतो. एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी जा आणि कोपऱ्यात तासभर बसू द्याल का, असं विचारा. काही जण मुलांच्या सुरक्षिततेचं कारण सांगून नाही म्हणतील. ते कारण खरंही असतं. मग दार किंवा जाळी यांच्या बाहेरून अर्धा तास बघू द्या म्हणा. तेही नाही म्हटलं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

बसायला मिळालंच तर भिंतीवरच्या रंगांकडे बघत बसू नका, ताईकडे बघा. ती जमिनीवर बसलीय की उभ्यानेच सूचना देतेय? तासाभरात जास्त कोण बोललं, ती की मुलं? दोघांनी एकच ट्रक ओढला तेव्हा ती काय म्हणाली? "शेअर करायचं असतं ना बेटा" म्हणून ट्रक काढून घेतला, की "तुला किती वेळ हवाय?" असं विचारून थांबली? कुणाची चड्डी ओली झाली तर ते वर्गासमोर जाहीर झालं का? बालवाडीत शिस्तीचं आणि मायेचं जे काही कळायचं ते चड्डी ओली झाल्यावर कळतं.

मग भिंत बघा. चोवीस कागदांवर चोवीस सारखीच कापसाची बदकं असतील तर ती ताईने केलीत, मुलांनी फक्त कापूस दाबलाय. एकात बदकाला सहा पाय असतील तर बरं लक्षण. वस्तू मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर आहेत का? कपाटाला कुलूप, हे तुम्ही बघितलंच आहे.

खेळ म्हणजे मुलं मोकाट सोडणं नव्हे, हे सासूबाईंना सांगायला उपयोगी पडेल. आमच्याकडे महिनाभर भाजीवाल्याचं दुकान चालू असतं. खरी वांगी, लिंबं, शेंगा. पैसे म्हणून चिंचोके. ताई गिऱ्हाईक होऊन येते आणि "तीन वांगी, दोन लिंबं" मागते. दुकानदार साडेचार वर्षांचा. तो वांगी मोजून देतो, मग लिंबाचे किती घ्यायचे यावर शेजारच्या दुकानदारिणीशी त्याचं भांडण. ती म्हणते मोठं लिंबू महाग, तो म्हणतो दोन्ही लिंबंच आहेत. ताई घाई करत नाही, पिशवी धरून उभी राहते. या पाच मिनिटांत मोजणी आहे, तुलना आहे, भाव ठरवताना लागणारी भाषा आहे, आणि आपलं म्हणणं समोरच्याला पटवणं आहे. पण हे आपोआप होत नाही. दुकान कधी मांडायचं, आज चिंचोके कमी ठेवायचे का, म्हणजे उधारीचा प्रश्न येईल, हे आदल्या दिवशी ठरलेलं असतं. म्हणून ताईंना विचारा, "काल मुलांनी काय केलं आणि का?" 'का' ला उत्तर आलं पाहिजे.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: तीन ते सहाच्या मुलांना पाठ्यपुस्तकं आहेत का? २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात या वयासाठी पाठ्यपुस्तक नको असंच म्हटलंय. नर्सरीच्या मुलाच्या फीत पाच पुस्तकांचा संच असेल तर तो आराखडा त्यांनी उघडलेला नाही.

नाईट शिफ्ट | मंगळवार, दुपारी १:२०

ताई, तुमचं सगळं पटलं. पण ही चर्चा होते तेव्हा एक गोष्ट कुणीच बोलत नाही: वेळ. खेळशाळा साडेनऊ ते साडेबारा. मी हिंजवडीला, नवरा चाकणला, दोघांच्या आया गावाला. साडेबारानंतर मूल कुठे? शेवटी पाळणाघर असलेली जागा घेतली. तिथला वर्ग ठीकठाक आहे, पण दुपारी झोपवणाऱ्या मावशी सोन्यासारख्या आहेत. मूल दिवसातले जास्त तास त्यांच्याच हाताखाली काढतं, तर निवड करताना मी त्यांनाच जास्त महत्त्व दिलं. इथे कुणी नाक मुरडेल, मुरडू दे.

मातीचे पाय | मंगळवार, दुपारी ३:१५

नाक कशाला मुरडू? बरोबरच केलंत. दुपारच्या मावशी बदलतात का दर दोन महिन्यांनी, हे विचारायला हवं एवढीच भर घालते. माणसं टिकतात का, यावरून संस्थाचालक त्यांना कसं वागवतात तेही कळतं. ताईला महिन्याला किती मिळतात हे विचारायला लोकांना संकोच वाटतो. सव्वा लाख फी घेणाऱ्या ठिकाणी तर विचाराच.

दोन पोरांचा बाप | मंगळवार, रात्री ९:३०

थोडा विरुद्ध सूर लावतो.

थोरल्याला अशाच सुंदर ठिकाणी घातला होता. माती, पाणी, गोष्टी. तीन वर्षं पोरगा आनंदात. मग पहिलीला एका मोठ्या सीबीएसई शाळेत (नाव लिहीत नाही). जूनमध्ये डिक्टेशन, जुलैत युनिट टेस्ट. त्याला अक्षरं ओळखता येत होती, पण दोन ओळींच्या मध्ये बसवून भराभर लिहायची सवय नव्हती. वहीत रोज लाल शेरा. पालकसभेत बाईंनी सगळ्यांदेखत 'स्लो आहे, घरी लक्ष द्या' सांगितलं. दिवाळीपर्यंत घरात रोज रडारड, पोराची आणि आईची. दिवाळीनंतर लिहिण्याची गाडी रुळावर आली. आता चौथीत आहे, पुस्तक हातात आलं की जेवायला उठत नाही.

तेव्हा खेळशाळा वाईट असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की आधी पहिलीची शाळा ठरवा, मग बालवाडी. दोघींचं एकमेकींशी जमत नसेल तर मधल्या मध्ये मूल भरडलं जातं. धाकटीला मी चिमणीताईंच्या तिसऱ्या पर्यायासारख्या साध्या, घराजवळच्या बालवाडीत घातलंय. थोडं लिहून घेतात, भरपूर खेळवतात. चाललंय.

खडूफळा | बुधवार, सकाळी ७:१०

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग बरीच वर्षं माझ्याकडे आहे. दोन पोरांचा बाप, तुमच्या मुलाच्या शाळेने जूनमध्ये डिक्टेशन घेतलं यात मुलाचं काय चुकलं? पहिलीत आलेल्या मुलांसाठी पहिले तीन महिने खेळावर आधारित शाळापूर्व तयारी करून घ्यायची, त्याला 'विद्याप्रवेश' म्हणतात, हे २०२१ पासून एनसीईआरटीने दिलेलं आहे. आम्ही ओट्यावर बसून ते करतो. मोठ्या इमारतींना ते का जमत नाही मला कळत नाही.

आता मला काय हवं असतं ते सांगते. मुलाला 'मला शू लागली' म्हणता यावं. डबा उघडता यावा. गोष्ट शेवटपर्यंत ऐकून 'मग त्या कोल्ह्याचं काय झालं?' विचारावंसं वाटावं. आपली पाळी येईपर्यंत थांबता यावं, निदान रडून का होईना. अक्षरं मी शिकवीन, ते माझं काम आहे.

उलट घोटून घेतलेल्यांचे हात सोडवायला मला जास्त वेळ लागतो. 'क' काढताना शेपटीकडून सुरुवात करणारी मुलं दरवर्षी येतात. दिसायला 'क' बरोबर, पण वळण उलटं, त्यामुळे वेग कधी येतच नाही. आणि शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्याला 'सात बिया दे' म्हटलं की मूठभर उचलून देतो. एक ते शंभर हे त्याच्यासाठी गाणं असतं, मोजणं नव्हे.

फक्त एक. खेळाच्या नावाखाली पुस्तकच नसलेल्या बालवाड्याही मी पाहिल्यात. तिथे माती आहे, खेळणी आहेत, पण गोष्ट कुणी वाचून दाखवत नाही. तिथून आलेल्या मुलांचा शब्दसाठा लगेच उघडा पडतो. चिमणीताई, शाळेत गेलात की पुस्तकं शोधा आणि ती फाटलेली आहेत का बघा. कोरी करकरीत असतील तर ती पाहुण्यांसाठी आहेत.

हातमोजे | बुधवार, सकाळी १०:४५

लिहिण्याच्या मुद्द्यावर थोडी धंद्याची भर. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची हातांची कामं जमावीत म्हणून मुलांवर उपचार करते.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चाच असतात आणि एकेक करून हाडात बदलतात. शेवटच्याला तर नऊ वर्षं उलटून जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे बघितला तर मनगटाच्या जागी बराचसा भाग रिकामाच दिसतो. याचा अर्थ पेन्सिल धरली की मनगट मोडेल असा नाही, व्हॉट्सॲपवर तेही फिरतं. अर्थ एवढाच की बारीक ओळीत तासभर लिहायला लागणारी स्थिरता आणि ताकद अजून यायची आहे. ती येते खांद्यातून, मग कोपरातून, मग बोटांत. झाडाला लोंबकळणं, बादली उचलणं, कणीक मळणं, मटाराच्या शेंगा सोलणं, चिमटीने मणी ओवणं, जाड कागद कात्रीने कापणं. हे सगळं लेखनपूर्व कामच आहे, वही नसली तरी.

माझ्याकडे साडेतीन-चार वर्षांची मुलं 'लिहायला कंटाळा करतो' म्हणून येतात. पेन्सिल मुठीत धरलेली, खांदे कानापर्यंत वर, जीभ बाहेर. आळशीपणा नसतो तो. त्या वयात मूठ करून धरणं स्वाभाविक आहे, तीन बोटांची पकड पुढच्या एक-दोन वर्षांत बसते. पालकांना मी पोळ्यांच्या वेळी मुलाला कणकेचा गोळा द्यायला सांगते. फी न देता होणारं काम आहे, म्हणून बहुधा कुणी करत नाही.

भोचक काका | बुधवार, सकाळी ११:००

म्हणजे आमची आजी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती तर. शेंगा सोलायला बसवायची आणि वर खाल्ल्या तर रट्टा.

श्टुटगार्टकर | बुधवार, संध्याकाळी ५:३०

इथली गंमत सांगतो, तुलना म्हणून नव्हे, कारण पैसा, हवा, कायदे सगळंच वेगळं आहे.

किंडरगार्टन या नावाचं माहेर जर्मनीच. फ्रोबेल नावाच्या गृहस्थांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची खेळ-संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिलं. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बालवाड्यांवर बंदीही घातली होती, ती १८६० ला उठली. मुलांना खेळू दिलं म्हणून सरकार घाबरतं, हे मला फार आवडतं.

आजही इथे तीन ते सहा या वयात अक्षरं-आकडे कुणी शिकवत नाही. माझी मुलगी सहा पूर्ण होऊन शाळेत गेली तेव्हा तिला स्वतःचं नाव लिहिता येत होतं, बस. भारतातल्या आत्याला धक्काच बसला. उलट पावसात खेळायला चिखलाची वेगळी विजार आणून द्यावी लागते, आणि ती कोरडी घरी आली तर शिक्षिका खंत व्यक्त करतात.

पण मला खरं महत्त्वाचं वाटलं ते रुळवणं. पहिल्या दिवशी तासभर, आई किंवा बाबा वर्गातच. काही दिवसांनी पाच मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. मूल शिक्षिकेकडे सांत्वनासाठी जायला लागलं की मग तुम्हाला मोकळीक. याला दोन-तीन आठवडे लागतात आणि नोकरीवरही लोक ते समजून घेतात. आपल्याकडे पहिल्या दिवशी रडणारं मूल फाटकातून ओढून नेतात आणि 'आठवड्यात होईल सवय' म्हणतात. सवय होते. पण चिमणीताई, शाळा बघताना 'पहिले दिवस मी आत बसू शकते का?' हे विचाराच.

जागा मिळण्याचा ताप मात्र इथेही आहे. २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, तरी शहरांत यादीत नाव टाकून महिनोन् महिने बसावं लागतं. ज्या शहरात १९१९ साली सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी पहिली वाल्डोर्फ शाळा निघाली, त्याच शहरात मी बसलो होतो.

रानपाखरू | बुधवार, रात्री ८:१०

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर. मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही पाटीवर लिहू शकतो. खरं बघायचं असेल तर तीन ते सहा वयाची मुलं एकाच वर्गात आहेत का आणि अडीच-तीन तासांची सलग, घंटा न वाजणारी वेळ त्यांना मिळते का हे बघा. आणि गंमत म्हणजे माँटेसरीबाई मुलं जे करतात त्याला 'काम' म्हणायच्या. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे विशिष्ट रीतीनेच रचायचे, त्याची बस करून चालवायची नाही. त्यामुळे 'खेळाधारित मॉन्टेसरी' हा थोडा ओढून-ताणून केलेला जोड आहे. वाल्डोर्फवाले उलट टोकाला, दुधाचे दात पडेपर्यंत वाचन-लेखन नको, लाकूड-लोकर-कापड, पडदा अजिबात नाही. पर्याय वाईट नाहीत, फक्त एकमेकांत मिसळत नाहीत. संगम म्हणणाऱ्यांना विचारा, संगमात नक्की कुठली नदी आहे.

पालघरवाली | बुधवार, रात्री १०:२०

आश्चर्य आहे, इतके प्रतिसाद झाले आणि ताराबाई मोडकांचं नाव अजून नाही.

ताराबाई आणि गिजुभाई बधेका यांनी १९२० च्या दशकात भावनगरला हेच प्रश्न सोडवले. माँटेसरींचं साहित्य महाग, परदेशी. ताराबाईंनी ते इथल्या वस्तूंवर आणलं: बिया, शंख, पानं, दगड, मातीची भांडी. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांच्यासोबत आल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती ही. मुलं गुरं चारायला जातात, मग शाळाच कुरणावर. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माझी आई तिथल्या प्रशिक्षणाला गेली होती, गाणी अजून म्हणते.

हे सांगायचं कारण, सव्वा लाखवाल्या शाळेत जे 'निसर्गस्नेही शैक्षणिक साहित्य' म्हणून काचेच्या बरणीत मांडून ठेवतात ते डहाणूच्या पाड्यांवर सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी फुकट होतं. आणि आजही घराजवळची अंगणवाडी बघून या, असं मी आवर्जून सांगीन. सगळ्या चांगल्या नसतात. सेविकेवर रजिस्टरं, सर्वेक्षणं, मोबाईलवरच्या नोंदी यांचं इतकं ओझं असतं की शिकवायला वेळ उरत नाही. पण ज्या चांगल्या असतात तिथे गाणी, गोष्टी, गरम आहार आणि गल्लीतली सगळ्या थरांतली मुलं एकत्र. शहरी मध्यमवर्ग तिकडे लस आणि पोलिओच्या डोसापुरता जातो.

दोन पोरांचा बाप | गुरुवार, सकाळी ८:४०

पालघरवाली, तुमचं खरं आहे, पण माझ्या वॉर्डातल्या अंगणवाडीची खोली बघितलीत तर तुम्हीही विचार कराल. एक खिडकी, शेजारी उघडं गटार. सरकारच्याच २०१३ च्या बालशिक्षण धोरणात तीस मुलांमागे ३५ चौरस मीटर खोली, ३० चौरस मीटर बाहेरची जागा आणि वीस मुलांमागे एक ताई असं लिहिलंय. कागद चांगला आहे. खाजगीवाल्यांना तरी हे प्रमाण कोण विचारतं?

चिंचवडची चिमणी | गुरुवार, दुपारी २:००

बापरे, इतकं लिहिलंत सगळ्यांनी. वीस मुलांमागे एक ताई हा आकडा फार उपयोगी आहे, पहिल्या शाळेला विचारते.

आज सकाळी घराजवळच्या ताईंकडे पुन्हा गेले आणि बसू देता का विचारलं. त्यांनी सतरंजी सरकवली. मुलं परातीत पाणी घेऊन नरसाळ्याने बाटल्या भरत होती. एका मुलाची बाटली भरूनही तो ओततच राहिला, पाणी त्याच्या पायावर, मग माझ्या ओढणीवर. ताईंनी फडकं दिलं त्याला, मला नाही. त्याने आधी फरशी पुसली, मग ओढणी पुसायला आला. त्याच फडक्याने.

पण सिनियर केजीचं घोटून घेणं मला खटकतंय. खडूफळा, त्यांच्याशी हे कसं बोलू? बाईंचा धंदा आहे तो, पालक गेले तर त्यांची चूल कशी पेटायची?

खडूफळा | गुरुवार, रात्री ९:१५

'बंद करा' म्हणू नका. सिनियर केजीतले चार-पाच पालक मिळून जा आणि सांगा की आमच्या मुलांची वही भरली नाही तरी आमची तक्रार नाही. ताया लिहून घेतात त्या पालकांच्या भीतीने, स्वतःच्या हौसेने फारच कमी. वळणं गिरवायचीच असतील तर आधी वाळूत, पाटीवर, भिंतीएवढ्या मोठ्या कागदावर गिरवायला सांगा, चौकटीच्या वहीत शेवटी. शंभरपर्यंतच्या आकड्यांऐवजी वीसपर्यंत वस्तू मोजता येणं मागा. हे त्यांना मान्य करायला सोपं जाईल.

आणि पहिलीच्या प्रवेशाला मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ला धरून नाही, हे त्या पालकांनाही सांगा. अर्धी भीती तिथून येते.

मराठी माणूस | गुरुवार, रात्री ९:४०

माध्यमाबद्दल कुणीच काही बोलत नाही? तीन वर्षांच्या पोराला 'मे आय गो टू टॉयलेट' पाठ करून घेणं हा खेळ आहे का? इथे सगळे खेळाबद्दल बोलतायत आणि...

(संपादक: पुढचा भाग आणि त्यावरचे एकोणीस प्रतिसाद माध्यमाच्या जुन्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे यथेच्छ भांडा.)

हातमोजे | गुरुवार, रात्री ११:२०

संपादक, हलवलंत ते बरं केलंत, पण मूळ मुद्दा या धाग्याचाही आहे. मूल भातुकली खेळताना ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत ताई बोलत नसेल तर खेळातून येणारी भाषा येतच नाही. इंग्रजी माध्यमाची बालवाडी घेतलीत तरी ताई मुलांशी मराठीत बोलते का, एवढं बघा. बाकी भांडण तिकडे.

नाईट शिफ्ट | शुक्रवार, पहाटे ४:१०

शिफ्टवरून लिहितेय. वेळेचाच आणखी एक मुद्दा: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असा आपल्या सरकारचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झालाय. आमच्या भागातल्या दोन शाळा अजूनही पावणेआठला व्हॅन पाठवतात. झोपेतलं मूल खेळणार काय आणि शिकणार काय. प्रवेशाच्या वेळी बॅचची वेळ लेखी घ्या.

चिंचवडची चिमणी | शुक्रवार, सकाळी ९:३०

एक शेवटचं विचारते. नोव्हेंबरचा जन्म असल्यामुळे या जूनला नर्सरीत घातलं तर ती वर्गात सगळ्यांत लहान असेल, पुढच्या वर्षी घातलं तर मोठ्यांतली एक. नियमात दोन्ही बसतं ना? आणि नवऱ्याची बदली होऊ शकते, केंद्रीय विद्यालयाचा विचार आहे.

मातीचे पाय | शुक्रवार, सकाळी ११:५०

महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण ही अट आहे, त्यामुळे या जूनलाही चालतं. पण मग ती पहिलीत साडेपाच पूर्ण करून जेमतेम पुढे असताना जाईल. केंद्रीय विद्यालयात पहिलीला ३१ मार्च रोजी सहा पूर्ण लागतात. म्हणजे तुमचा तो विचार पक्का असेल तर आत्ता घाई करून काही मिळत नाही, सिनियर केजी संपल्यावर एक वर्ष थांबावंच लागेल. त्यापेक्षा यंदाचं वर्ष घरी किंवा दोन तासांच्या खेळगटात घालवा आणि नर्सरी पुढच्या जूनला. वर्गात लहान असलेलं मूल हुशार असलं तरी धावण्यात, कात्रीत, डब्याच्या झाकणात मागे पडतं आणि ते त्याला कळतं.

त्या घराजवळच्या ताईंकडे खेळगट आहे का विचारा. बहुतेक असेल, पाटीवर लिहिलेलं नसतं.

चिंचवडची चिमणी | शुक्रवार, दुपारी १२:४०

आहे! साडेदहा ते साडेबारा, आठवड्यातून चार दिवस. आत्ताच फोन केला. मला पहिले दिवस आत बसू देणार का विचारलं, तर म्हणाल्या, "बसा, पण रिकामं नाही बसायचं, शेंगा सोलायला घ्या." सासूबाई म्हणाल्या मी जाते.

भोचक काका | शुक्रवार, दुपारी १२:५५

सासूबाईंना फी माफ आहे का तेवढं विचारून ठेवा.